कंडोम होता, तरी झोप नाही: हर्पीसच्या धास्तीबद्दल

पोरगा बऱ्हाणपूरचा. इंदूरला विजयनगरात मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात तो मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी आला. घराजवळचा डॉक्टर सोडून इतक्या लांब का आलास, असं विचारलं, तर म्हणाला तिकडे कुणीतरी ओळखीचं भेटेल. आणि हे सगळं हिंदीत सांगायला जीभ रेटेना.

"काका, आईला कळणार नाही ना?" हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, "या खोलीतलं बाहेर जात नाही." मग दुसरा प्रश्न आला. "मला हर्पीस झालाय का?"

घडलं होतं ते एवढंच. ६ दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीशी एकदा संबंध आला, दोघांच्या राजीखुशीने. कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता, फाटला नव्हता. तिच्या अंगावर कुठे फोड किंवा जखम दिसली नव्हती. नंतर त्याने कुठेतरी वाचलं की कंडोम हर्पीसपासून पूर्ण संरक्षण देत नाही, आणि त्या एका वाक्यावर ६ रात्री जागून काढल्या. मोबाइलमध्ये स्वतःचे १८ फोटो होते, रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, त्यामुळे भीतीला आणखी धार आलेली.

त्याने वाचलेलं वाक्य खरं आहे. पण एखादी गोष्ट होऊ शकते एवढंच ते सांगतं. किती वेळा होते, हे सांगत नाही. घाबरलेलं मन ती उरलेली जागा स्वतःच भरून काढतं. त्या दिवशी त्याच्याशी तासभर बोललो. तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न घेऊन येणारा तो एकटा नाही, आणि न येता खोलीत कुढत बसणारे त्याहून जास्त असणार.

आधी नावाचा घोळ सोडवू. हर्पीस म्हटलं की आपल्याकडे घरातल्या मोठ्यांना 'नागीण' आठवते. याच्या मावशीला नागीण झाली होती, तिच्या कागदावर हर्पीस लिहिलेलं त्याने पाहिलं होतं आणि तेच आपल्याला होणार असं धरून चालला होता. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू अंगात झोपून राहतो आणि पुढे कधीतरी एका मज्जातंतूच्या वाटेने फोड उठवतो. लैंगिक संबंधांशी तिचा काही संबंध नाही. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही जुनी समजूतही खोटी आहे. ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला एका पट्ट्यात राहते, वेढा पुरा करायला निघालेली नसते. आपण बोलतोय तो हर्पीस सिम्प्लेक्स, त्याच कुळातला पण वेगळा विषाणू.

त्याचे दोन प्रकार, एक आणि दोन. पहिला मुख्यतः ओठांचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार पुळ्या उठतात आणि आपल्या इंदुरात शेजारची काकी लगेच 'मकड़ी मूत गई' म्हणून मोकळी होते, तो बहुतेक वेळा हाच असतो. कोळ्याचा त्यात काही दोष नाही. लहानपणी मामा-मावश्यांच्या पाप्यांतून तो येतो आणि जन्मभर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे १०० पैकी साधारण ६४. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांचा आणि तो लैंगिक संबंधांतून पसरतो. १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांना तो आहे, १०० पैकी साधारण १३. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं, कारण त्रास इतका थोडा होतो की लक्षात येत नाही. मुखमैथुनातून पहिला प्रकारही खाली जाऊ शकतो, मात्र तिथे तो दुसऱ्याइतका पुन्हा पुन्हा उठत नाही.

हे आकडे ऐकून पोरगा आणखी पांढरा पडला. "म्हणजे सगळ्यांनाच आहे!" मी त्याला म्हणालो, यातलं दुसरं टोकही बघ. इतक्या लोकांना आहे आणि त्यातले बहुतेक नोकरी करतायत, लग्न करतायत, पोरं वाढवतायत. इतक्या माणसांच्या अंगात मुकाट राहणारी गोष्ट आयुष्य उद्ध्वस्त करणारी कशी असेल?

आता हा विषाणू प्रवास कसा करतो ते पाहू. तो हवेतून येत नाही, कमोडवरून येत नाही, टॉवेलवरून, तरणतलावातून येत नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. त्याला लागतो त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क, आणि तोही आत शिरायला जागा असलेल्या ठिकाणी: ओलसर, पातळ अस्तर किंवा खरचटलेली कातडी. हाताची, मांडीची धड त्वचा ही त्याच्यासाठी भिंतच आहे. म्हणून नुसता हाताचा स्पर्श किंवा कपड्यांवरून झालेली जवळीक यांची भीती मनात ठेवण्यासारखी नाही. चुंबनातून ओठांचा प्रकार येऊ शकतो, पण तो आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे लहानपणापासूनच असतो.

एकदा आत शिरला की तो मज्जातंतूच्या धाग्यावरून वर जातो आणि कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गुच्छात मुक्काम करतो. ओठांचा प्रकार चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गुच्छात राहतो. तिथून तो मधूनमधून खाली येतो. कधी फोड उठवतो, कधी काहीच न दिसता थोडा विषाणू त्वचेवर सोडतो. काहीच न दिसता सोडतो, याच गोष्टीने लोकांची झोप उडते, आणि ती गोष्ट खरी आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या प्रकारचा हर्पीस असलेल्यांचे रोज नमुने घेतले. ज्यांना कधीतरी फोड आले होते त्यांच्यात साधारण १०० पैकी २० दिवस विषाणू सापडला, ज्यांना कधीच काही झालं नव्हतं त्यांच्यात साधारण १० दिवस. म्हणजे ज्यांना तो आहे, त्यांच्यातही बहुतेक दिवस तो सापडला नाही.

आता त्याच्या एका रात्रीचा हिशोब मांडू. लागण व्हायची तर आधी त्या मुलीला हर्पीस असायला हवा. असला तर नेमक्या त्या दिवशी विषाणू त्वचेवर आलेला हवा. आला तर तो कंडोमने न झाकलेल्या जागीच हवा. आणि तिथे त्याला आत शिरायला वाट मिळायला हवी. चारही दारं एकाच वेळी उघडी असावी लागतात. शिवाय हा विषाणू पुरुषाकडून स्त्रीकडे जितका सहज जातो, तितका स्त्रीकडून पुरुषाकडे जात नाही.

नेमका आकडा हवा असेल तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात १४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला दुसऱ्या प्रकारचा हर्पीस होता, पुन्हा पुन्हा फोड येणारा, आणि दुसऱ्याला नव्हता. ही जोडपी ८ महिने नेहमीचं आयुष्य जगली. सगळ्यांना कंडोम वापरायचा सल्ला होता, पण सगळे काही तो नेहमी वापरत नव्हते. ज्यांच्या जोडीदाराला औषध दिलं नव्हतं, नुसती बिनऔषधाची गोळी दिली होती, त्या ७४१ जणांपैकी ८ महिन्यांत लागण झाली २७ जणांना. १०० मागे ४ पेक्षा कमी. रोज औषध घेणाऱ्यांच्या जोडीदारांत हा आकडा ७४३ पैकी १४ वर आला. हर्पीस आहे हे नक्की ठाऊक असलेल्या माणसाबरोबर ८ महिने राहून हे प्रमाण आहे. आणि हा पोरगा एका रात्रीबद्दल बोलत होता, कंडोमसकट, अशा मुलीबरोबर जिला हर्पीस आहे असं समजायला काहीच कारण नव्हतं.

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही," मी म्हणालो. खोटं बोलून धीर दिला तर तो धीर रात्री दोनपर्यंतसुद्धा टिकत नाही. "पण तू बाइकवर बसून विजयनगरहून इथपर्यंत आलास ना, तेव्हाही धोका शून्य नव्हता. त्यासाठी तू ६ रात्री जागला होतास का?"

इतकं ऐकल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. एका प्रयोगशाळेच्या तपासण्यांची यादी होती, दोन-तीन ठिकाणी खुणा केलेल्या. "मग रक्त तपासून टाकू, काका. एकदा निगेटिव्ह आलं की झालं."

माझं सगळ्यात जास्त बोलणं इथेच झालं. कारण बहुतेक आजारांत 'शंका आहे तर तपासून घे' हा सल्ला बरोबर असतो, आणि या आजारात तो माणसाला आणखी खोलात नेतो.

रक्तातल्या तपासणीत विषाणू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. ती तयार व्हायला आठवडे लागतात, पुरती दिसायला १२ ते १६ आठवडेसुद्धा. सहाव्या दिवशीची तपासणी आली तरी ती गेल्या आठवड्याबद्दल काहीच सांगणार नाही. निगेटिव्ह आली तर अजून वेळ व्हायचा आहे, पॉझिटिव्ह आली तर ती जुन्या कुठल्यातरी गोष्टीची आहे.

या प्रतिपिंडांचे दोन प्रकार तपासतात, आयजीएम आणि आयजीजी. आधी आयजीएम. लोकांना वाटतं की आयजीएम म्हणजे ताजी लागण. हर्पीसमध्ये हे चालत नाही. ती जुन्या आजाराच्या उचलीतही वर येते, दुसऱ्याच कशाने खोटीही येते, आणि कोणता प्रकार आहे हे धड सांगत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थाही ती वापरू नका म्हणते. तरी यादीत ती असते, आणि दोन्ही प्रकारांची एकत्र तपासणीही असते. लहानपणीचा ओठांचा हर्पीस अंगात असलेल्या माणसाने ती एकत्र तपासणी केली की कागदावर ठळक 'पॉझिटिव्ह' येतं, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगायला समोर कोणी नसतं.

आयजीजी बरी, निदान दोन प्रकार वेगळे दाखवते. पण तीही चुकते. समजा १००० तरुण आहेत, त्यातल्या ५० जणांना खरोखर दुसरा प्रकार आहे, आणि तपासणी निरोग्यांपैकी १०० मागे ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. मग खरे पॉझिटिव्ह ५० आणि उरलेल्या ९५० मधले खोटे पॉझिटिव्ह साधारण ४७. जवळजवळ निम्मे कागद खोटे! रोग जितका कमी, तितकी खोट्यांची वाटणी जास्त. नेहमीच्या काही तपासण्यांत आकडा १.१ च्या वर गेला की पॉझिटिव्ह छापतात, पण ३ च्या खाली असलेला आकडा बराच वेळा खोटा निघतो. तो दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय धरू नये. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं की लक्षणं नसलेल्यांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतो त्याला कारण आहे. गर्भपात झाल्यावर बायकांची 'टॉर्च' नावाची तपासणी होते, तिच्यातलं एक अक्षर हर्पीसचं आहे. आयजीजी पॉझिटिव्ह आला म्हणून घरात बोलणी खाल्लेल्या, 'हे कुठून आणलंस' असं ऐकलेल्या मुली माझ्यासमोर रडल्या आहेत. त्या आकड्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता की लहानपणी कुणीतरी त्यांचा पापा घेतला होता. एका अक्षराने संसारात विष कालवलं जातं आणि कागद छापणारा ते समजावून सांगत नाही.

तपासणी कामाची केव्हा? फोड किंवा जखम समोर असते तेव्हा. ताज्या फोडातला द्रव कापसाच्या काडीवर घेऊन पीसीआर केली तर विषाणू आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे नेमकं कळतं. ती पहिल्या दोन दिवसांत केलेली उत्तम. खपली धरली की विषाणू सापडणं कठीण होतं. तेव्हा काही उठलं तर फोटो काढत बसू नका, मलमही लावू नका. तसेच डॉक्टरकडे या.

त्याचे १८ फोटो मी बघितले नाहीत, त्यालाच तपासलं. दोन लाल ठिपके होते, केस काढलेल्या जागी केसांच्या मुळाशी, एकेकटे. वस्तऱ्याने होतात ते. शिश्नाच्या कडेला बारीक दाण्यांची ओळ होती, ती पुष्कळ निरोगी पुरुषांना असते. त्याने आयुष्यात कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं म्हणून ती नवी वाटली. आणि आग होत होती, कारण तो दिवसातून चारदा जंतुनाशक पाण्याने धूत होता. भीतीने धुवायचं, धुतल्याने आग व्हायची, आगीने भीती वाढायची. धुणं बंद कर, साधं पाणी पुरे, म्हणालो. मांडीत मुंग्या येतात, असंही त्याने सांगितलं. शरीराच्या कुठल्याही जागेवर तासभर मन रोखून बसलात तर तिथे काहीतरी जाणवतंच. हे खोटं नाटक नसतं, जाणीव खरीच असते. पण ती विषाणूची नसते.

खरा पहिला हर्पीस सहसा असा दिसतो: लाल जागेवर बारीक, पाणी भरलेल्या फोडांचा झुबका, दुखणारा. फोड फुटून उथळ जखमा होतात, लघवीला आग होते, जांघेत गाठी सुजतात, कधी अंगात कसकस येते. बहुतेकांना संपर्कानंतर २ ते १२ दिवसांत, सरासरी चौथ्या दिवसाच्या आसपास. सौम्य प्रकारात नुसती एखादी चीर किंवा ओरखडाही असतो, म्हणून नजरेवर भरवसा ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणं चांगलं. दोन-तीन आठवडे काहीच उठलं नाही तर मनातून विषय काढून टाकायला हरकत नाही. तरी मन मानतच नसेल तर १२ आठवड्यांनंतर आयजीजी, एकदाच, आणि निकाल डॉक्टरसमोर बसून वाचायचा.

त्याच्या यादीत एचआयव्ही नव्हता, सिफिलिस नव्हता. हर्पीसच्या गदारोळात हे मागे पडतं. कंडोम शाबूत होता म्हणून त्याला घाई नव्हती. पण कंडोम नसेल किंवा फाटला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत फुकट होते, १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे हर्पीसच्या जखमेसाठी लाल रंगाचं औषधाचं पाकीट ठरलेलं आहे. रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवून ठेवणाऱ्यांकडे जायची गरज नाही.

"आणि झालाच असता तर?" त्याने जाता जाता विचारलं. मला हा प्रश्न आवडला. तोवर आवाजातलं कंपन कमी झालं होतं.

झालाच असता तर असायक्लोव्हिर नावाची गोळी आहे. हे औषध आलं त्या संशोधनामागे गर्ट्रूड एलियन या बाईंचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. औषधाची खुबी अशी की ते मुख्यतः विषाणूने ग्रासलेल्या पेशीतच जागं होतं, तेही विषाणूच्याच एका रसायनाच्या मदतीने. म्हणून बाकीच्या शरीराला त्याचा त्रास कमी. विषाणू कायमचा जात नाही, पण जखमा लवकर भरतात, आणि वारंवार उठत असेल तर रोजची गोळी घेऊन ते आवरता येतं. पहिली उचल सगळ्यात जास्त दुखते, पुढच्या सौम्य होत जातात. लग्न होतं, मुलं होतात. एक काळजी मात्र खरी: स्त्रीला गरोदरपणाच्या अखेरीस पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, म्हणून डॉक्टरला सांगायचं. जुना असेल तर तो धोका फार कमी.

गोळीची एक पट्टी त्याने आधीच केमिस्टकडून आणली होती, ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. मी ती परत दिली नाही.

मग मी त्याला एक विचारलं. "तिच्याशी बोललास?" नाही म्हणाला. ६ दिवस त्याने फोन उचलला नव्हता, दोनदा येऊन गेला होता तिचा. इतका वेळ आम्ही तिच्याबद्दल एखाद्या रोगाचं उगमस्थान असल्यासारखं बोलत होतो, आणि मीही त्यात सामील होतो. वास्तविक या विषाणूच्या बाबतीत त्या रात्री जास्त जोखीम तिनेच घेतली होती. तिने कुणाला विचारावं? तिच्या वयाची एकटी मुलगी हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुरुष डॉक्टरकडे सहसा येत नाही.

लोकमान्यनगरातल्या माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा नंबर मी एका कागदावर लिहून दिला आणि म्हणालो, तिला हवा असेल तर दे. त्याने कागद पाकिटात नीट ठेवला. पायऱ्यांवरून उतरताना तो फोन कानाला लावत होता.